हीटरमागचा मासा

रोज रात्री टाकीवरचा दिवा घालवण्याआधी मी मासे मोजते, आणि मोजायला सुरुवात हीटरपासून करते.

हीटर म्हणजे काचेची वीतभर नळी. उजव्या कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात ती तिरपी लावलेली आहे. नळी आणि मागची काच यांच्यामध्ये दोन बोटं मावतील एवढी फट राहते. त्या फटीत मासा असला तर तो कसा दिसतो हे मला आता पाठ झालंय. तोंड वर, शेपूट खाली, पर अंगाला चिकटलेले. रंग विटलेला. शेपटीची कड उंदराने कुरतडलेल्या कागदासारखी. दाणे टाकले की बाकीचे उसळून वर येतात. हा नुसता डोळा फिरवतो, जागचा हलत नाही. ऊब घ्यायला तो तिथे गेलेला नसतो. बाकी टाकीभर त्याला कुठेच टिकू दिलेलं नसतं.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी मुलाला फोन करून कौतुकाने सांगितलं होतं, "अरे, तुझा एक मासा हीटरच्या मागे जाऊन झोपतो बघ. किती शहाणा आहे."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, तो झोपत नाहीये गं."

टाकी मुलाची. तो शिकायला हॉस्टेलवर गेला आणि टाकी माझ्याकडे आली, जशी घरोघरी मुलांची गिटार, सायकली आणि कुत्री शेवटी आयांकडे येतात. जाताना त्याने कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला होता. दाणे किती टाकायचे, पाणी कधी बदलायचं, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. भांडणांबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हतं. त्यालाही तेव्हा ते माहीत नव्हतं. अकरा मासे होते, बोटाच्या दोन पेरांएवढे. टाकी 90 सेंटिमीटर लांब. चार दगड. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे सगळीकडे एकत्र फिरायचे, आणि शाळा सुटल्यावर मुलं दिसतात तसे दिसायचे. सहा महिने मी तेच चित्र बघत बसले आणि मला वाटलं, मासे पाळणं म्हणजे हे.

हे सिक्लिड. या घराण्याचा पसारा मोठा: नाव मिळालेल्या जातीच 1,700 च्या वर आहेत. एंजलफिश याच घरातला, ऑस्कर याच घरातला, आणि तिलापियासुद्धा. याच्या घशात दुसरा जबडा असतो, खराखुरा, दातांसकट. पुढच्या जबड्याने ओढायचं आणि मागच्याने दळायचं. आमचे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या वंशातले, त्यातही म्बुना. सरोवराच्या काठी बोलल्या जाणाऱ्या टोंगा भाषेतला हा शब्द. खडकांत राहणारे मासे. ते खडकाला धरून राहतात, खडकावरचं शेवाळ खरवडून खातात आणि खडकासाठी जीव घेतात.

सहाव्या महिन्यात पट्टेवाल्यांपैकी एक मळायला लागला. ही ऑराटस नावाची जात. लहानपणी नर असो की मादी, सोनेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे पट्टे. याचं पोट आधी धुरकट झालं, मग चहासारखं, आणि दोनेक आठवड्यांत तो कोळशासारखा काळा झाला. पट्टे मात्र फिकट निळसर उजळले. जुन्या फोटोची निगेटिव्ह काढून कुणीतरी पाण्यात सोडावी तसा. मी घाबरले. रोग पडला म्हणून मुलाला फोटो पाठवला.

"आजारी नाही," तो म्हणाला. "मोठा झालाय."

त्याचं नाव काळ्या पडलं. काळ्याने मधला दगड घेतला. त्याने तो घेतला तेव्हा मी समोर बसले होते, आणि खरं सांगते, ते देखणं होतं. दोन नर अंगाला अंग समांतर धरून उभे. सगळे पर ताणलेले, कल्ल्यांची झाकणं फुगवलेली, अंगावरचा रंग इतका चढलेला की आतून दिवा लावल्यासारखा. मग एकाने शेपटीचा फटका मारून पाण्याची लाट दुसऱ्याच्या अंगावर सोडली. दुसऱ्यानेही सोडली. मग तोंडात तोंड धरून रेटारेटी, जत्रेतल्या मेंढ्यांसारखी. पाच मिनिटं झाली असतील. कुणाचं एक खवलं गेलं नाही. मग एकाने पर मिटले, रंग उतरवला आणि बाजूला झाला. संपलं. मला वाटलं, आपल्यापेक्षा सभ्य आहेत.

भांडणाने मासे मरत नाहीत, ते भांडण संपल्यावर मरतात, हे कळायला मला एक मासा घालवावा लागला.

सरोवरात काय होतं ते बघा. हरलेला मासा पर मिटतो आणि निघून जातो. हद्द ओलांडली की जिंकणारा मागे फिरतो, कारण त्याला दगड सोडून लांब जायचं नसतं. तो लांब गेला तर शेजारचा येऊन बसेल. म्हणजे हरण्याची शिक्षा काय, तर काही फूट पोहणं. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे आणि कुठे कुठे 700 मीटर खोल. तिथे काही फूट म्हणजे काहीच नाही. आमच्या टाकीत हरलेला मासा निघाला की काच येते. तो वळतो, दुसरीकडे जातो, तिकडेही काच. आणि मधल्या दगडावरून टाकीचा कोपरा न् कोपरा दिसतो. काळ्याच्या डोळ्यांत याचा अर्थ एकच: हा हरलाय, तरी हद्दीतून जात नाही. निगरगट्ट आहे. त्याने पर मिटले, रंग उतरवला, शरणागतीच्या सगळ्या खुणा केल्या, पण शेवटची खूण, निघून जाण्याची, ती त्याला करताच येत नाही. म्हणून काळ्या पुन्हा जातो. दर दोन मिनिटांनी जातो. दिवस मावळेपर्यंत जातो.

एका सकाळी पिवळी मादी फिल्टरच्या जाळीला चिकटलेली सापडली. मी पाणी तपासलं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पाण्यात काही नव्हतं. आदल्या रात्री ती हीटरमागे होती आणि मी ह्यांना दाखवलं होतं.

"अगं, मोठा मासा छोट्या माशाला खातो, निसर्गच तो," हे म्हणाले.

मत्स्यन्याय हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो येतो: दंड धरणारा कुणी नसला की बलवान दुर्बळाला गिळतो. शब्द ज्याने घडवला त्याने मासे बघितले असणार, पण बहुतेक वरून, काठावरून. काळ्या कुणाला गिळत नव्हता. त्याचं जेवण शेवाळ. तो सगळ्यांत मोठाही नव्हता. त्याच्यापेक्षा दोन बोटं मोठा निळा मासा त्याला बघून बाजूला व्हायचा. आणि दंड धरणारी कुणी नव्हती असंही नाही. मी होते, जाळी घेऊन.

तर मी दंड वापरला. सिक्लिड जाळीत सापडत नाही. त्यासाठी सगळे दगड बाहेर काढावे लागतात, आणि दगड काढल्यावर पाणी असं गढुळतं की जाळीत काय आलंय ते बाहेर काढल्यावरच समजतं. दीड तासाने काळ्या एका सुट्या लहान टाकीत गेला आणि मी कोपरापर्यंत भिजलेली, विजयी, सोफ्यावर बसले. दोन दिवस टाकीत रामराज्य. हीटरमागची जागा रिकामी. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी पिवळा मासा दिसला.

मी तीनदा मोजले. आकडा बरोबर होता, तरी पिवळा एक जास्त. मग लक्षात आलं की निळा एक कमी आहे. केनी नावाच्या जातीत उलटा कारभार असतो. पिल्लं आणि माद्या निळ्या, वयात आलेला वरचढ नर पिवळा. इतके दिवस काळ्याच्या धाकाने निळा राहिलेला हा बेटा, धाक गेल्याबरोबर रंग बदलून मधल्या दगडावर बसला होता. आणि टाकीतले बाकीचे पिवळे, जे स्वभावाने या सगळ्यांत गरीब, तेच आता त्याला प्रतिस्पर्धी दिसायला लागले, कारण ते त्याच्याच रंगाचे. संध्याकाळपर्यंत हीटरमागे एक पिवळा होता.

इथे मला पहिल्यांदा शंका आली की गुन्हेगार शोधण्यात माझं चुकतंय.

नंतर वाचताना सापडलं की ही गोष्ट प्रयोगशाळेत नीट तपासलेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांनी टांगानिका सरोवराच्या परिसरातल्या बर्टोनाय नावाच्या सिक्लिडवर वर्षानुवर्षं काम केलं. त्या जातीतला वरचढ नर भडक रंगाचा, डोळ्याखाली काळी रेघ. दबलेला नर मातकट, मादीसारखा. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांच्या गटाने रात्रीच्या अंधारात वरचढ नर गुपचूप उचलला. सकाळी दिवे लागले. दबलेल्या नराने इकडेतिकडे पाहिलं असेल, आणि काही मिनिटांत त्याच्या अंगावर रंग चढला, डोळ्याखाली रेघ उमटली, तो दुसऱ्यांच्या अंगावर जायला लागला. मेंदूतली प्रजननाशी संबंधित जनुकं लगेच जागी झाली. पुढच्या दिवसांत तर या नरांच्या मेंदूतल्या विशिष्ट पेशी आकाराने मोठ्या होतात. म्हणजे मी काळ्याला काढलं तेव्हा दादागिरी काढली नव्हती, जागा रिकामी केली होती. खुर्ची तशीच, बसणारा बदलला. (ही उपमा मला आवरत नाही. टाकीसमोर बसलं की ऑफिस, सोसायटी, सासर सगळं दिसायला लागतं. पण मासे आपल्यासाठी दाखले द्यायला जन्मलेले नाहीत, म्हणून पुढे आवरते.)

याच गटाचा 2007 सालचा आणखी एक प्रयोग आहे, तो वाचून मी टाकीकडे पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. एका माशाला काचेआडून इतरांच्या कुस्त्या बघायला लावल्या. पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, चौथ्याने पाचव्याला. मग बघ्यासमोर दुसरा आणि चौथा ठेवले. या दोघांची कुस्ती त्याने कधीच पाहिलेली नव्हती. बघ्या चौथ्याकडे, म्हणजे कमजोराकडे सरकून राहिला. त्याने मनातल्या मनात क्रम लावला होता. आमच्या टाकीत त्या वेळी नऊ मासे होते आणि नऊच्या नऊ, सतत, एकमेकांचं बघत होते. हीटरमागचा एकदा हरतो तेव्हा एकाकडून हरतो. मग बघणारा प्रत्येक जण, ज्याच्याशी त्याचं कधी वाकडं नव्हतं तोही, जाता-जाता एक टोचा मारून जातो. हे मी पाहिलं होतं. त्याला नाव आता मिळालं.

यानंतर मी ज्या गोष्टी करून बघितल्या त्यांतल्या काही सांगायलाही लाज वाटते. आरसा, उदाहरणार्थ. दिवसातून दहा मिनिटं काचेला आरसा लावा, दादा स्वतःच्या प्रतिमेशी भांडून थकेल आणि बाकीच्यांना सोडेल, असं कुणीतरी सांगितलं. यामागचा विचार जुना आहे. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक आणि पुढे 1973 मध्ये नोबेल मिळालेले कोनराड लोरेन्झ यांनी 1963 च्या आपल्या पुस्तकात मांडलं होतं की आक्रमकता आत साठत जाते आणि तिला वाट करून द्यावी लागते. सिक्लिडच्या जोडीला शेजारी असले की दोघं मिळून शेजाऱ्यांवर तुटून पडतात. शेजारी काढून जोडीला एकटं ठेवलं तर नर बायकोवर उलटतो, असं त्यांचं निरीक्षण. निरीक्षण खोटं नाही, जोडीने ठेवलेल्या सिक्लिडांत असं होताना अनेकांनी पाहिलं आहे. पण टाकीतल्या पाण्यासारखा राग साठतो आणि तोटी उघडली की कमी होतो, हे पुढच्या अभ्यासकांनी फारसं मानलं नाही. मीही आरसा लावून ते मानेनाशी झाले. केनी आरशाशी दहा मिनिटं भांडला, आणि आरसा काढल्यावर अर्धा तास दुप्पट जोराने बाकीच्यांच्या मागे लागला. कुस्ती जिंकल्यावर अंगात जे येतं ते, पण इथे तर कुस्ती निकालात निघालीच नव्हती. समोरचा ना हरत होता ना जात होता. फर्नाल्ड यांच्याच प्रयोगशाळेतलं 2010 सालचं काम यावर आहे: आरशाशी भांडणारा आणि खऱ्या माशाशी भांडणारा, दोघांचं वागणं सारखं, रक्तातली संप्रेरकं सारखी, पण आरशाशी भांडणाऱ्याच्या मेंदूत भीतीशी जोडलेला भाग जास्त जागा. आरसा त्याच दिवशी कपाटात गेला.

तापमान दोन अंशांनी उतरवणं हाही एक उपाय. थोडा उपयोग होतो, मासे जरा सुस्तावतात. पण ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही.

उपयोग झाला तो दगडांचा. चार मोठे दगड असताना मधल्या दगडाचा मालक एका जागी बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा. मुलगा सुट्टीत आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून नवी टाकी मांडली, 120 सेंटिमीटर लांब, 50 रुंद, 50 उंच. उंचीने काही साधत नाही हे तोवर कळलं होतं. म्बुनांची भांडणं जमिनीवरून असतात, आभाळावरून नाही. दगड आधी तळाच्या काचेवर बसवले आणि मग भोवती वाळू ओतली. उलटं करायचं नाही. हे मासे तोंडाने वाळू उपसतात आणि वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस कलंडतो, काचेवर किंवा माशावर. मग टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दगडांचा ढीग असा रचला की कुठल्याही बिळातून टाकीचा तिसरा हिस्सादेखील दिसू नये. तिथे मी वाळूजवळ डोळे नेऊन प्रत्येक बिळातून बघत होते. मुलगा म्हणाला, "आई, तू घर बांधताना एवढं बघितलं नव्हतंस." खरं आहे. घर बांधताना मला कुणी हीटरमागे जाऊन बसेल अशी भीती नव्हती.

आणि दुसरी गोष्ट गर्दी. हे ऐकून मी आधी हसलेच. भांडतात म्हणून मासे वाढवायचे? पण म्बुना पाळणारे बरेच जण हेच करतात. दहा मासे असले तर हरणारा एक असतो आणि त्याला निवांत मारता येतं. चोवीस असले की मधल्या दगडाचा मालक एकाच्या मागे निघतो, वाटेत दुसरा आडवा येतो, तिसरा मागून दगडाकडे सरकताना दिसतो, आणि हा तिघांत कुणालाच पुरा पडत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या, म्हणजे एकाच मादीची दमछाक होत नाही. एकाच रंगाच्या आणि पट्ट्यांच्या दोन जाती एकत्र नाहीत. नवे मासे एकेकटे सोडायचे नाहीत. गटाने, दिवा घालवून, आणि त्याआधी दगड हलवून, म्हणजे जुन्यांनाही आपली हद्द नव्याने मांडावी लागते. दाणे एकाच ठिकाणी न टाकता दोन टोकांना. याची किंमत पाण्यात द्यावी लागते: फिल्टर दुप्पट आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणं, न चुकता, पाहुणे असोत की ताप.

पाणी बदललं की तासभर पाठलाग वाढतात, हे मी वहीत अनेकदा टिपलंय. मला वाटायचं, मी हात घातल्यामुळे बिथरतात. कदाचित तेही असेल. पण मोझांबिक तिलापिया या सिक्लिडात वरचढ नर भांडताना लघवी सोडतो आणि त्यातल्या वासातून समोरच्याला त्याचा दर्जा कळतो, हे वाचल्यापासून बादली उचलताना मला वाटतं, आपण टाकीतल्या सगळ्या पाट्याच पुसून टाकतोय. हद्द कुणाची, वर कोण, खाली कोण, सगळं नव्याने लिहायला लावतोय. म्हणून हल्ली एकदम न बदलता दोन वेळा थोडं थोडं बदलते. पाठलाग कमी झाले असं वाटतं. वाटतं एवढंच म्हणते. माझी वही म्हणजे प्रयोगशाळा नाही.

तर आता टाकी शांत आहे, असं येणारे-जाणारे म्हणतात. मी होला हो म्हणते. पण मला ठाऊक आहे की ही शांतता नाही. टोचे तेवढेच आहेत. पूर्वी ते एकाच्या अंगावर पडायचे, आता चोवीस जणांत वाटले गेलेत. प्रत्येकाच्या शेपटीला कुठे ना कुठे एक खाच आहे आणि कुणाचीही शेपूट गेलेली नाही. याला मी काय म्हणावं? मला यात थोडी अपराधी भावना आहे. चोवीस माशांना एका पेटीत कोंबून, एकाही माशाला स्वतःचा म्हणून दगड धरू न देऊन मी त्यांचा जीव वाचवते. सरोवरात एखाद्या नराला त्याचा दगड मिळतो, त्यावर तो मिरवतो, माद्यांना बोलावतो. इथे तो मिरवायला उभा राहतो आणि चार जण मधून जातात. म्बुना दिसतो तो हाच असं मी म्हणणार नाही. गर्दीतला म्बुना दिसतो.

काळ्याचं काय झालं ते राहिलं. सुट्या टाकीत त्याने महिना काढला. तिथे तो एकटा होता आणि माझ्या बोटाशी भांडायचा. मग मुलाच्या ओळखीतल्या एकाने त्याला नेलं. त्यांच्याकडे दोन मीटर लांबीची टाकी, पन्नासेक मासे, आणि त्यातले काही काळ्याच्या दीडपट. मी न राहवून तीन-चार महिन्यांनी बघायला गेले. बराच वेळ शोधला. काळा मासा दिसेना. मला वाटलं मेला, आणि हे सांगायला संकोचताहेत.

"तो काय," ते म्हणाले.

डावीकडे ढिगाच्या खाली एक मळकट तपकिरी मासा दगड खरवडत होता. पोटाकडून काळा उतरला होता, बाजूंना जुना पिवळा पुन्हा डोकावत होता. शेपटीच्या वरच्या टोकाला अर्धवट भरून आलेली खाच होती. ती माझ्या जाळीने केलेली, म्हणून खात्री पटली. एक मोठा निळा नर जवळून गेला. काळ्याने पर किंचित मिटले, हातभर सरकला, आणि निळा पुढे गेल्यावर परत येऊन खरवडायला लागला. हातभर. बस. मी तिथे चहा निवेपर्यंत उभी होते. हाच मासा माझ्याकडे राक्षस होता. त्याच्या स्वभावाचा मी केवढा अभ्यास केला होता.

घरी येऊन मी जुनी 90 सेंटिमीटरची टाकी माळ्यावर टाकली. कुणाला देऊनही टाकली नाही.

परवा रात्री मोजायला बसले आणि हीटरमागे मासा होता.

पोटात गोळा आला. पिवळी मादी, त्याच फटीत. जाळी आणायला उठले, मग परत बसले, कारण काहीतरी जुळत नव्हतं. तोंड वर नव्हतं. ती आडवी, स्थिर उभी होती. पर उघडे. शेपूट अख्खी. रंग लख्ख. फक्त हनुवटी खाली फुगलेली, आणि दर थोड्या वेळाने ती तोंडात काहीतरी घोळवल्यासारखी हालचाल करायची. दोन दाणे तिच्या नाकाशी सोडले. तिने ते बघितले आणि जाऊ दिले.

मुलाला व्हिडिओ पाठवला. त्याचा लगेच फोन.

"आई, तोंडात अंडी आहेत! तीन आठवडे असंच, काही खाणार नाही ती. वेगळी काढ तिला, नाहीतर पिल्लं बाहेर आली की बाकीचे फस्त करतील."

"काढायची म्हणजे सगळे दगड काढावे लागतील."

"हो."

"म्हणजे तेवीस जणांची घरं मोडायची."

तो काही बोलला नाही.

"बघते," म्हटलं. फोन ठेवला. तेवढ्यात एक निळा नर कोपऱ्याकडे आला. मादीने हीटरच्या आडून पुढे येऊन, त्या भरल्या तोंडाने, पर असे ताणले की तो वळला. ती परत फटीत गेली. मी मोजायला लागले. हीटरपासून सुरुवात, मग उजवा ढीग, मधला, डावा. चोवीस. वहीत चोवीस लिहिलं, पुढे अधिकचं चिन्ह काढलं, आणि त्यापुढे काही न लिहिता दिवा घालवला.